साहित्यिक प्रकाशनाची दृश्य ओळख: गोव्यातल्या छोट्या प्रकाशकांचे नेहमीचे प्रश्न

पणजी, मडगाव, फोंडा, म्हापसा, गोव्यात कुठेही मराठी पुस्तकं काढणाऱ्या माणसाशी बोलायला बसलं की थोड्याफार फरकाने हेच प्रश्न निघतात. वर्षाला चार-पाच पुस्तकं, संपादक, हिशेबनीस आणि गठ्ठे उचलणारा माणूस एकच, डिझाइनसाठी हाताशी पैसे बेताचे: अशा प्रकाशकाला डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. गाइडं, डायऱ्या आणि पाठ्यपुस्तकं छापणाऱ्यांचं गणित वेगळं, ते इथे नाही.

दृश्य ओळख म्हणजे लोगोच ना?

लोगो हा त्यातला सगळ्यात छोटा तुकडा. पुस्तकाचा आकार, आतल्या मजकुराचं अक्षर, समास, शीर्षकपान, कणा (पुस्तक कपाटात उभं असताना दिसणारी बांधणीची कड), मलपृष्ठावरच्या मजकुराची मांडणी, श्रेयपान, किमतीची जागा हे सगळं दर पुस्तकात त्याच शिस्तीने आलं की वाचक नाव न वाचता प्रकाशक ओळखतो. नेहमी घडतं ते असं: लोगोवर तीन महिने घासाघीस होते आणि आतली पानं डीटीपीवाला त्याच्या सवयीने एका रात्रीत लावून देतो. पैसे कमी असतील तर हा क्रम उलटा करा.

मग सुरुवात कुठून करायची?

पुढच्या दोन वर्षांत येणाऱ्या पुस्तकांची यादी समोर ठेवा. त्यात कवितासंग्रह किती, जाड कादंबऱ्या किती, अनुवाद आहेत का, बालसाहित्य आहे का, ते पाहा. डिझायनरला ‘आम्हाला साधं पण वेगळं हवं’ असं सांगून काहीही कळत नाही. त्यापेक्षा एक हस्तलिखित वाचायला द्या. जो डिझायनर ते वाचायला तयार नाही, त्याला हे काम देऊ नका.

बोधचिन्हात गोवा दिसायला हवा का?

माझं मत: दिसला तर हरकत नाही, दाखवायला जाऊ नका. माड, होडी, चर्चचा दर्शनी भाग, शिंपला, मावळता सूर्य ही चित्रं हॉटेलांनी, काजूच्या पाकिटांनी आणि टी-शर्टांनी आधीच वापरून झिजवली आहेत. तुमच्या कथासंग्रहावर माड आला की तो पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकाशेजारी जाऊन बसतो. निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज आझुलेजो फरशांचंही तेच झालंय. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातली जॉर्ज कोलासोची १९३५ची फरशीचित्रं जरूर पाहावीत. पण आता तो नक्षीचा तुकडा गेस्ट हाउसच्या पाटीपासून चहाच्या कपापर्यंत सगळीकडे आहे.

छापखान्याचं चित्र हेही ज्याला त्याला सुचतं, कारण भारतातला पहिला छापखाना १५५६मध्ये गोव्यातच सुरू झाला. अभिमान ठीक आहे. मात्र फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये राचोलला छापलं गेलं ते मराठी काव्य असूनही रोमन लिपीत, देवनागरीचे खिळेच नव्हते म्हणून. देवनागरीत पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशकाने त्या छापखान्याचं चित्र मिरवावं का, याचा विचार करा. मला ते जरा गमतीदार वाटतं.

इथल्याच एका गोष्टीकडे मात्र मी डिझायनरांना मुद्दाम पाठवतो: जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवरची कावी. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. म्हणजे सगळं चित्र एका रंगात आणि कोऱ्या जागेत. बोधचिन्हाला नेमकं हेच लागतं. फुलपानांच्या नक्षीची नक्कल करायची गरज नाही, ‘काढून टाकल्याने आकार उमटतो’ ही रीत उचलली तरी पुरे.

व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या धर्तीवर चित्रं काढून घेतली तर?

त्यांचं प्रत्यक्ष चित्र परवानगीशिवाय वापरता येणार नाही. त्यांचं निधन २०११मध्ये झालं आणि आपल्याकडे लेखक-चित्रकारांचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत. शैलीवर कायद्याने हक्क सांगता येत नाही हे खरं. पण त्या शैलीतलं चित्र पाहून लोक ‘मारिओ’ म्हणणार, तुमचं नाव घेणार नाहीत. मग ती ओळख तुमची कशी?

चिन्ह हवंच का? नुसतं नाव चालणार नाही का?

उत्तम चालतं. प्रकाशकाचं चिन्ह ही जुनी प्रथा आहे. व्हेनिसच्या आल्दुस मनुतिउसने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या पुस्तकांवर जहाजाच्या नांगराला वेढलेला डॉल्फिन छापला. पेंग्विनने १९३५मध्ये एडवर्ड यंग या तरुण चित्रकाराला पक्षी काढून आणायला थेट लंडनच्या प्राणिसंग्रहालयात धाडलं. तो पक्षी टिकला याचं कारण तो गोंडस होता एवढंच नाही. सगळ्या पुस्तकांवर आडवे तीन पट्टे, कादंबरीला नारिंगी, रहस्यकथेला हिरवा, चरित्राला निळा, अशी पद्धत त्याच्या पाठीशी होती. पद्धत नसेल तर चिन्ह एकटं काही करू शकत नाही. आणि पद्धत पक्की असेल तर सुबक अक्षरात लिहिलेलं नाव पुरतं. कण्यासाठी आणि फोनवरच्या प्रोफाइल चित्राच्या गोल खिडकीसाठी त्या नावातलं एखादं अक्षर वेगळं काढून घ्यायचं.

नावासाठी आणि आतल्या मजकुरासाठी अक्षर कोणतं घ्यावं?

इथे वेळ घालवा. वाचक तुमचं चिन्ह दोन सेकंद पाहतो आणि तुमचं अक्षर दोनशे पानं.

पहिली कसोटी मराठी वळणाची. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये ल आणि श मुळातच हिंदी वळणाचे येतात. आपल्याला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा. यातली गंमत अशी की ‘प्रकाशन’ या शब्दातच श आहे, त्यामुळे वळण चुकलं तर ते थेट तुमच्या नावातच दिसतं. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, फक्त सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडावी लागते. डीटीपीत ती बहुधा ‘हिंदी’वरच पडून असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी कसोटी जोडाक्षरांची. फॉन्ट घेण्याआधी एवढे शब्द छापून बघा: वाङ्मय, हृदय, तऱ्हा, वाऱ्यावर, ॲसिड, बुद्ध, लठ्ठ, सर्वांत, रुपया, रूप, श्रेष्ठत्व. ‘तऱ्हा’तला अर्धा र नीट आला का, ‘सर्वांत’मध्ये रफार आणि अनुस्वार एकमेकांवर आदळले का, ‘वाङ्मय’मधल्या ङचा टिंब गळला का, ते पाहा. पडद्यावर पाहून भागत नाही. ज्या कागदावर पुस्तक छापणार त्याच कागदावर, बारा पॉइंटात छापा आणि घरातल्या सत्तरीच्या माणसाला वाचायला द्या. गोव्यातल्या मराठी वाचकांत ती पिढी मोठी आहे आणि तिला पातळ रेषांचं नाजूक अक्षर संध्याकाळच्या उजेडात दिसत नाही.

मोफत आणि कायदेशीर पर्याय आता भरपूर आहेत. ‘टिरो देवनागरी मराठी’ पुस्तकाच्या मजकुरासाठीच घडवलेला आहे. आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ आहे, मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ मलपृष्ठाच्या आणि जाहिरातीच्या मजकुराला चांगला. हे खुल्या परवान्यावर आहेत, म्हणजे छापील पुस्तकात, ई-पुस्तकात, लोगोत वापरायला पैसे द्यावे लागत नाहीत. ‘मंगल’ मात्र पुस्तकात नको. र. कृ. जोशींनी तो मायक्रोसॉफ्टसाठी, संगणकाच्या पडद्यासाठी केला. तिथे तो आपलं काम चोख करतो.

जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये मजकूर टाइप करून घेऊ नका. पुस्तक छापून होतं, पण तोच मजकूर पुढे ई-पुस्तकात किंवा संकेतस्थळावर टाकायचा म्हटलं की अगम्य चिन्हांची रांग मिळते आणि बदलून घेताना मुद्रितशोधन पहिल्यापासून करावं लागतं.

डिझायनरने नावातली अक्षरं मोकळी मोकळी केली आहेत. छान दिसतं, पण काहीतरी खटकतं.

शिरोरेषा तुटली असणार. रोमन अक्षरांत अंतर वाढवलं की रुबाब येतो, देवनागरीत दात पडल्यासारखं दिसतं. हवा हवी असेल तर नावाभोवती मोकळी जागा सोडा, अक्षरांच्या मध्ये नको. आणि इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी भलत्याच अक्षरावर बसत असेल तर ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ चालू केलेला नाही. दोन क्लिकचं काम आहे.

नाव रोमन लिपीतही द्यावं का?

द्यावं लागतं. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), ऑनलाइन विक्री, बँक, कुरिअर सगळीकडे लागतं. पण देवनागरी नाव आधी रेखाटून घ्या आणि रोमन त्याच्या शेजारी बसवा. उलट क्रमाने केलं की देवनागरी अक्षरं रोमनच्या साच्यात कोंबल्यासारखी होतात: ठरावीक उंची, वर मात्रेला जागा नाही, खाली उकाराला नाही.

आम्ही मराठीही काढतो, कोंकणीही. दोन्हींची ओळख वेगळी ठेवावी का?

गोव्यात मराठी-कोंकणीचा विषय निघाला की वाद रंगतो आणि चहा थंड होतो, म्हणून फक्त डिझाइनपुरतं बोलतो. प्रकाशनाची ओळख एकच ठेवा. अडचण दुकानात येते: दोन्ही भाषा देवनागरीत, शीर्षक एका शब्दाचं असेल तर ग्राहकाला आणि कधीकधी विक्रेत्यालाही पुस्तक कोणत्या भाषेतलं ते कळत नाही. कण्याच्या माथ्यावर आणि मलपृष्ठावर ‘मराठी’, ‘कोंकणी’ असं लहान अक्षरात, ठरलेल्या जागी छापा. भाषेला रंग नेमून देण्याची कल्पनाही पुष्कळांना सुचते. त्या वाटेला मी जाणार नाही, रंगांचे अर्थ काढणारे लोक इथे पुष्कळ आहेत.

मुखपृष्ठं सगळी एका साच्यातली असावीत, की प्रत्येक वेगळं?

दोन्ही परंपरा भक्कम आहेत. फ्रान्सच्या गालिमारची साहित्यमाला १९११पासून फिकट पिवळसर मुखपृष्ठ, काळ्या-लाल रेषांची चौकट आणि शीर्षक एवढ्यावर चालली आहे. आपल्या बाजूला चित्राची परंपरा आहे. मूळचे गोव्याचे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांच्या रंगीत मुखपृष्ठांनी आणि ‘दीपावली’ अंकांनी मराठी वाचकाची नजर घडवली. द. ग. गोडशांनी त्याच काळात अक्षर आणि आकार घेऊन दुसरी वाट दाखवली. त्यामुळे नुसत्या अक्षरांचं कोरं मुखपृष्ठ पाहून इथला वाचक ‘चित्र राहिलं का?’ असं विचारू शकतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

छोट्या प्रकाशकाला मी मधला मार्ग सुचवतो. चौकट कायम: शीर्षक, लेखक आणि चिन्ह यांची जागा, अक्षर आणि आकार बदलायचा नाही. चौकटीच्या आत चित्रकाराला मोकळं सोडायचं. याने पैसेही वाचतात, कारण दर पुस्तकाला नव्याने मांडणी करावी लागत नाही. साच्यातून बाहेर पडायची मुभा वर्षाला एखाद्या पुस्तकालाच द्या. लेखकाच्या भाच्याने काढलेलं चित्र हे त्यासाठी पुरेसं कारण नाही.

कण्यावर काय काय घ्यायचं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. पुस्तक दुकानात आठवडाभर समोर ठेवलेलं असतं, नंतर आयुष्यभर कपाटात उभं राहतं आणि दिसतो तो कणाच.

आधी जाडी काढा. ८० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) मॅपलिथोचा, म्हणजे छपाईच्या साध्या पांढऱ्या कागदाचा, एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर भरतो. २०० पानांचं पुस्तक म्हणजे १०० कागद, म्हणजे कणा दहा मिलिमीटरच्या आसपास. नॅचरल शेडचा, म्हणजे पिवळसर, फुगीर कागद असेल तर जास्त. प्रेसकडून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या आणि मोजा, अंदाजावर जाऊ नका. दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर सोडा, कारण बांधणीत कव्हर थोडंफार सरकतंच. उरले सात. या सातात वरच्या मात्रेपासून खालच्या उकारापर्यंत सगळं बसायचंय, म्हणजे अक्षराच्या मुख्य अंगाला साडेतीन-चार मिलिमीटरच मिळतात. रोमनची सवय असलेला डिझायनर नेमका इथे फसतो.

६४ पानांच्या कवितासंग्रहाचा कणा तीन-साडेतीन मिलिमीटरचा. त्यावर मजकूर घेऊच नका. सबंध कण्याला एक ठरलेला रंग द्या आणि तो सगळ्या कवितासंग्रहांना कायम ठेवा. कपाटात अशा पाच-सहा बारीक रेषा शेजारी आल्या की त्या नावाशिवाय बोलतात.

मजकूर वरून खाली वाचता येईल असा घ्या, म्हणजे पुस्तक टेबलावर पालथं न घालता ठेवलं की कण्यावरचं नाव सुलट दिसतं. इथल्या जुन्या घरांत पोर्तुगीज-फ्रेंच पुस्तकं असतात, त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांवर मजकूर खालून वर जातो. ते पाहून गोंधळू नका. अक्षरं एकाखाली एक रचणं देवनागरीत करू नये, शिरोरेषेचे तुकडे होतात.

आणि चिन्ह कण्याच्या अगदी तळाशी ठेवू नका. ग्रंथालयवाले वर्गीकरणाची चिठ्ठी तिथेच चिकटवतात. पणजीत पाटोवरच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात किंवा कुठल्याही गावच्या वाचनालयात कपाटासमोर उभं राहिलं की प्रकाशकांची चिन्हं चिठ्ठ्यांखाली गाडलेली दिसतील. छोट्या प्रकाशकाचा मोठा ग्राहक ग्रंथालयच असतो. चिन्ह तळापासून चार-पाच सेंटिमीटर वर घ्या.

रंग कोणते?

एक रंग आणि काळा. चिऱ्याचा तांबडा सगळ्यांना आवडतो, पण पडद्यावरचा तो झळाळता रंग छपाईच्या चार शाईंत तसाच उतरत नाही. मॅपलिथोवर तर तो विटकरी होऊन बसतो. लॅमिनेट केलेल्या कव्हरवर आणि आतल्या कागदावर, दोन्हींवर प्रूफ काढून मग शाईंची टक्केवारी कागदावर लिहून ठेवा, नाहीतर दर पुस्तकाला नवा तांबडा मिळेल. दुकानाच्या काचेत उन्हात ठेवलेल्या पुस्तकांचे कणे निळसर झालेले पाहिले असतील: पिवळी आणि मॅजेंटा (गुलाबी-लाल) शाई आधी उडते, निळी आणि काळी तग धरते. कण्यासाठी रंग निवडताना एवढं ध्यानात असू द्या.

पावसाळ्यात कव्हरं वळतात. त्यावर डिझाइनमध्ये काही उपाय आहे का?

थोडा आहे. कव्हरला बाहेरून प्लास्टिकचं लॅमिनेशन असतं, आतली बाजू उघडी. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत उघडी बाजू ओल पिऊन फुगते, लॅमिनेटची बाजू फुगू शकत नाही, म्हणून कव्हर बाहेरच्या अंगाला वळतं. कागदाचे तंतू कण्याला समांतर येतील असं कव्हर कापायला प्रेसला सांगा, आर्ट कार्ड ३०० जीएसएमचं घ्या, आणि परवडत असेल तर आत दुमडणारे फ्लॅप द्या. गडद, सपाट काळी मॅट कव्हरं मात्र टाळा. बुरशीचा पांढरा ठिपका आणि बोटांचे ठसे त्यांच्यावर सगळ्यात आधी दिसतात.

बारकोड लाल केला तर शोभेल का?

शोभेल, पण वाचला जाणार नाही. स्कॅनरचा उजेड लालच असतो, त्याला लाल रेषा पांढऱ्याच वाटतात. पांढऱ्यावर काळा ठेवा, मूळ आकार ३७.२९ × २५.९३ मिलिमीटर, आणि ८० टक्क्यांपेक्षा लहान करू नका.

एआयकडून लोगो काढून घेतला तर?

कल्पना चाळवायला ठीक. देवनागरी अक्षरं त्यात अजूनही बऱ्याचदा बिघडलेली येतात, मिळतं ते मोठं केलं की फुटणारं ठिपक्यांचं चित्र, आणि त्यावर हक्क कोणाचा हे आपल्या कायद्यात स्पष्ट झालेलं नाही. आपल्या लेखकांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या प्रकाशकाने आपल्या नावाची पाटी अशी घ्यावी का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पणजीत अल्तिन्होच्या कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याकडून काम करून घेता येईल का?

जरूर. मुलं चांगलं काम करतात. दोन अटी: पैसे द्या, आणि छपाईच्या आधी अनुभवी माणसाकडून फाइली तपासून घ्या. ‘तुझं नाव होईल’ हे मानधन नव्हे. डिझायनरचं नाव श्रेयपानावर यायलाच हवं, ते मानधनाशिवाय वेगळं.

लोगोवर हक्क कोणाचा? नोंदणी करावी का?

फ्रीलान्स डिझायनरकडून काम घेतलं तर हक्क तुमच्याकडे आले असं गृहीत धरू नका. कॉपीराइट कायदा, १९५७नुसार हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून करारात ‘कायमस्वरूपी, जगभर’ हे शब्द घाला. एक पान पुरतं.

ट्रेडमार्क ऐच्छिक आहे. छापील पुस्तकांसाठी वर्ग १६, प्रकाशनाच्या सेवेसाठी वर्ग ४१. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती आणि छोट्या उद्योगाला दर वर्गामागे ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. नोंदणी हाती येईपर्यंत वर्तुळातला ‘आर’ छापू नका, तो गुन्हा ठरतो. अर्जाआधी नाव सरकारी संकेतस्थळावर शोधून पाहा. ‘गोमंतक’ जोडून नाव ठेवणारे तुम्ही पहिले नसाल.

काम संपल्यावर डिझायनरकडून काय काय मागून घ्यायचं?

लोगोची व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फुटणारी), त्याचं एकरंगी काळं रूप आणि गडद पार्श्वभूमीसाठी पांढरं रूप. कण्यासाठी सहा मिलिमीटरमध्ये वाचता येईल असं छोटं रूप वेगळं रेखाटलेलं हवं, मोठं लहान केलेलं नको. डेमी आकाराच्या, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या, पुस्तकाची रिकामी तयार फाइल: समास, परिच्छेद, कविता, तळटीप, सगळ्यांच्या शैली बांधलेल्या. वापरलेल्या फॉन्टची नावं आणि परवाने. रंगांची टक्केवारी. आणि नियमांचं दोन पानांचं टिपण, मराठीत. चाळीस पानांचं इंग्रजी ‘ब्रँड मॅन्युअल’ प्रेसमध्ये कोणी उघडत नाही.

एक चाचणी स्वतः करून बघा: लोगोचा रबरी शिक्का बनवून घ्या आणि खाकी पाकिटावर मारा. शाई पसरूनही नाव वाचता आलं तर पैसे द्या.

आधीची पुस्तकं जुन्याच रूपात आहेत. त्यांचं काय?

आहेत तशी विकून टाका. गोदामातल्या प्रतींवर नव्या लोगोचे स्टिकर लावू नका, ते सुटतात आणि खालचं कव्हर सोलून नेतात. पुनर्मुद्रण येईल तेव्हा कणा आणि मलपृष्ठ नव्या पद्धतीने करा. पुढचं चित्र चांगलं असेल तर तेच राहू द्या, चित्रकाराला विचारून.